गुडघ्यात रक्त, की जुनीच झीज?

हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णाचा गुडघा ठणकू लागला की पहिला प्रश्न एकच : आत रक्त साचतंय का? शंका आली की फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं कमी पडलेलं प्रथिन, टोचून घ्यायचा, ही जुनी रीत. पण वारंवारच्या रक्तस्रावाने खराब झालेला सांधा रक्त नसतानाही दुखतो. तो फरक नुसत्या दुखण्यावरून ओळखताना मुरलेले रुग्णही चुकतात आणि डॉक्टरही.

एक्स-रेत दिसतं ते हाड, म्हणजे नुकसान होऊन गेल्यावरचं चित्र. एमआरआयमध्ये मऊ भाग छान दिसतो, पण ठणका लागलेल्या रात्री तो कोण काढून देणार? लहान मुलाला तर अनेकदा गुंगी द्यावी लागते.

उरते सोनोग्राफी. ती तशी जुनी. धातूतल्या भेगा शोधायचं तंत्र ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटाच्या तपासणीला लावलं. त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९५८चा. पुढे गर्भाची तपासणी हीच तिची ओळख बनली, सांधे मागे राहिले. यंत्र लहान झालं ते युद्धाच्या निमित्ताने : अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ संस्थेला जखमी सैनिकाशेजारी नेता येईल असं यंत्र हवं होतं. त्यातून १९९९मध्ये ‘सोनोसाइट’चं तीन किलोहून हलकं यंत्र आलं. २०१७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘बटरफ्लाय आयक्यू’चा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा भाग, तर थेट फोनला जोडता येतो.

पण नुसतं यंत्र हाती येऊन भागत नाही, काय बघायचं ते ठरावं लागतं. २०१३मध्ये जेनोव्हाच्या कार्लो मार्टिनोली आणि सहकाऱ्यांनी हिमोफिलियातले सांधे सोनोग्राफीने तपासायची ‘हेड-यूएस’ ही पद्धत मांडली. दोन्ही कोपरं, गुडघे, घोटे. ठरलेल्या जागा, साधे गुण. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या डॉक्टरलाही जमावी, हा हेतू. माझ्या मते खरं वळण हेच. शिकलेला हात प्रोब हलकेच दाबतो; पातळ द्रव सरकतो, सांध्याचं सुजलेलं अस्तर जागचं हलत नाही. गोठलेलं रक्त मात्र अजूनही चकवतं.

आपल्याकडे गोष्ट कायद्याशी येऊन थांबते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८मध्येच कायदा केला, केंद्राचा १९९४चा. २०१२च्या नियमांनुसार सुटसुटीत सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत जागेतच, दाखल रुग्णांसाठी वापरता येतं, नाहीतर इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. त्यामागचं कारण खरं आहे, मुली खरंच मारल्या गेल्या. पण खिशात मावणारा प्रोब घेऊन डॉक्टरला हिमोफिलियाच्या मुलाच्या घरी जाता येत नाही, तपासायचा फक्त घोटा असला तरी.