विकास सोसायटी : गावच्या पतपुरवठ्याची पडझड आणि शेतकऱ्यांचा असंतोष

विविध कार्यकारी सहकारी सेवा सोसायटी ही महाराष्ट्रातील गावपातळीवरची शेतकऱ्यांची पतसंस्था. बोलण्यात ‘विकास सोसायटी’ किंवा नुसती ‘सोसायटी’. राज्यात अशा सुमारे २१,००० संस्था आहेत. त्यांच्या वर ३१ जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आणि शिखरावर राज्य सहकारी बँक, अशी ही त्रिस्तरीय व्यवस्था आहे. पीककर्ज हे सोसायटीचे मुख्य काम. खतविक्री, रेशन दुकान ही जोडकामे. तिचे राजकीय मोल मात्र वेगळ्या कारणाने आहे. कर्ज का अडले, हे विचारायला शेतकऱ्याला गाव सोडावे लागत नसे आणि उत्तर देणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत पाडता येत असे. हा आधार कमकुवत झाला तेव्हा गाऱ्हाणी थेट मंत्रालयाच्या दारात जाऊ लागली.

मुळात ही संस्थाच असंतोषाच्या पोटी जन्मली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने-घरे लुटली, कर्जाची खतपत्रे आणि वह्या जाळल्या. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातून आला आणि सरकारने पुढे १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना मान्यता दिली. तरी सावकार लवकर हटला नाही. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीनुसार १९५१-५२ मध्ये ग्रामीण कर्जातला सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानंतर, सोसायटी गावोगाव रुजली.

कर्जवाटपाची पद्धत अशी. जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दर हंगामाआधी प्रत्येक पिकाचा हेक्टरी कर्जदर ठरवते. सोसायटीचा सचिव सभासदांच्या सातबारा-आठअ उताऱ्यांवरून कमाल मर्यादा पत्रक, म्हणजे ‘क. म. पत्रक’, तयार करतो. संचालक मंडळ ते मंजूर करून जिल्हा बँकेकडे पाठवते. सभासद जमिनीवर कर्जाचा बोजा मान्य करणारा ‘इ-करार’ लिहून देतो, त्याचा बोजा सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात चढतो. कर्जाच्या रकमेतून ठरावीक टक्के शेअर्सपोटी कापले जातात. शेतकऱ्याला वर्षभराचे व्याज, बोजा आणि वसुलीची तारीख हे सारे माहीत असते, पण शेअर्सची कपात किती आणि ती परत कधी मिळणार, यावर वार्षिक सभेत हमखास वाद होतो.

संचालक सहसा १३ : सर्वसाधारण कर्जदार ८, महिला २, इतर मागासवर्ग, अनुसूचित जाती-जमाती आणि विमुक्त-भटक्या जमाती वा विशेष मागास प्रवर्ग प्रत्येकी १. मतदान प्रत्येक सभासदाला एकच; शेअर्स कितीही असोत. इतक्या छोट्या संस्थेची निवडणूक एवढ्या चुरशीने का लढली जाते, याचे उत्तर पुढच्या पायरीत आहे. जिल्हा बँकेच्या मंडळावर माणूस पाठवायला सोसायटीचा ठराव लागतो. शिवाय बाजार समितीच्या १८ पैकी ११ जागा सोसायटी मतदारसंघाच्या असतात. गावचा चेअरमन हा तालुक्याच्या राजकारणाची पहिली पायरी, आणि त्या पायरीवर सामान्य शेतकऱ्याच्या मताला खरी किंमत होती. जागा राखीव असल्या तरी मत सभासदाचेच, आणि सभासदत्वाचा आधार जमीन. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई, बटाईने कसणारा, भूमिहीन मजूर यांना सोसायटीत जवळपास स्थान नव्हते. त्यामुळे तिचे जुने दिवस सर्वांसाठी सोन्याचे होते असे म्हणणे खोटे ठरेल.

पडझडीची सुरुवात बहुतेक ठिकाणी ‘नवं-जुनं’ करण्यातून दिसते. मार्चअखेर वसुली शंभर टक्के दाखवायची असते. समजा एखाद्याकडे १ लाखाचे पीककर्ज थकले आहे. तो ओळखीच्या सावकाराकडून आठ-दहा दिवसांसाठी तेवढे पैसे उचलतो, सोसायटीत भरतो, पावती घेतो. एप्रिलमध्ये नवे कर्ज मंजूर झाले की त्यातून सावकाराचे फेडतो. कागदावर तो नियमित कर्जदार असतो, प्रत्यक्षात देणे तेवढेच राहते आणि सावकाराचे व्याज वर चढते. जिल्हा बँकेचे नवे कर्ज वेळेवर येते तोवर हे चक्र फिरते. बँकेकडे निधी नसला की नेमक्या त्या वर्षी शेतकरी सावकाराच्या हातात सापडतो, आणि सोसायटी ज्याच्यापासून सोडवायला निघाली होती त्याच्याच दारात त्याला नेऊन सोडते.

दुसरे दुखणे ‘अनिष्ट तफावत’. सभासदांकडून सोसायटीचे येणे समजा ८० लाख आणि सोसायटीचे बँकेला देणे ९५ लाख. मधले १५ लाख देणारा कुणीच नाही. वसूल रक्कम बँक आधी व्याजात जमा करते, सचिवाने घेतलेली रोकड कधी वेळेत पोचत नाही, कधी सोसायटीचा तोट्यातला धंदा कर्जनिधीतून चालतो. लेखापरीक्षणात हे सापडले तर अधिनियमाच्या कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित होते, पण चौकशी वर्षानुवर्षे चालते. तोवर बँक त्या सोसायटीचे वाटप रोखते आणि वेळेवर भरणारा सभासदही उपाशी राहतो. एकेका गटसचिवाकडे चार-पाच सोसायट्या असल्या की तो आठवड्यातून एखादाच दिवस गावात दिसतो. मग गाऱ्हाणे ऐकायला दारात कुणी नसते.

वरचे मजलेही ढासळले. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या निर्देशावरून राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले. विदर्भातील नागपूर, वर्धा, बुलडाणा या जिल्हा बँका अडचणीत आल्या आणि तिथल्या शेतकऱ्यांना राष्ट्रीयीकृत बँकांच्या रांगेत उभे राहावे लागले. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी जिल्हा बँकांना नोटाबंदीत बाद झालेल्या नोटा स्वीकारायला मनाई झाली. रब्बीच्या ऐन हंगामात शेतकऱ्याची स्वतःची बँक त्याचे पैसे घेऊ शकत नव्हती.

त्यानंतरच्या कर्जमाफ्यांनी शेतकरी आणि सोसायटीचे नाते पुरते पालटले. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत थकबाकीदार कुटुंबाला दीड लाखापर्यंत माफी होती, तर नियमित फेडणाऱ्याला कर्जाच्या २५ टक्के किंवा २५ हजार, यांपैकी कमी असेल ती प्रोत्साहन रक्कम. नवं-जुनं करून वेळेत पावती घेतलेला माणूस ‘नियमित’ ठरला आणि मागे पडला. अर्ज ऑनलाइन होता. सोसायटीच्या वहीतली नोंद, बँकेची यादी आणि पोर्टलवरचे नाव जुळले नाही तर ते चेअरमनच्या अखत्यारीत उरत नव्हते. ‘प्रामाणिकपणे भरले ते मूर्ख ठरले’ ही भावना गावोगाव ऐकू येते, ती कर्जाच्या ओझ्याइतकीच या अन्यायातून आली आहे.

१ जून २०१७ चा शेतकरी संप पुणतांब्याहून निघाला. हे गाव राहाता तालुक्यात. ज्या लोणीजवळच्या प्रवरानगरला १९५० मध्ये पहिल्या यशस्वी सहकारी साखर कारखान्याने गाळप सुरू केले, ती लोणीही त्याच तालुक्यात. संपाची हाक सोसायटीने वा कारखान्याने दिली नाही. ती ग्रामसभेच्या ठरावातून आली. दूध-भाजीपाला शहरांकडे जायचा थांबला आणि कर्जमाफीची मागणी थेट मुख्यमंत्र्यांकडे गेली.

मात्र सहकाराची पडझड हे असंतोषाचे एकमेव कारण मानू नये. सोसायट्या जोमात होत्या तेव्हाही, १९८० च्या सुमारास, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते अडवले होते. जमिनीचे तुकडे होणे, पाऊस, निर्यातबंदी, शिक्षण घेऊनही नोकरी न मिळणे यांना सोसायटी कधीच पुरी पडली नसती. फरक इतकाच, की त्या काळी भावाचा प्रश्न रस्त्यावर आणि कर्जाचा प्रश्न गावात लढला जाई. आज दोन्ही रस्त्यावर आहेत.

तगलेल्या सोसायट्यांत एक गोष्ट समान दिसते : त्या बँकेच्या पैशावरच उभ्या नसतात. सभासदांच्या ठेवी, खतविक्री, गोदामाचे भाडे यांतून त्यांच्याकडे स्वतःचा निधी असतो, आणि सचिव पूर्णवेळ असतो. २०२२ पासून केंद्राने प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना हाती घेतली आहे. त्याने नोंदींतला गोंधळ कमी होईल आणि तफावतीचा शोध सोपा होईल. सचिवाची रिकामी खुर्ची भरण्याचा प्रश्न मात्र वेगळ्या तरतुदीचा आहे.