पंखा फक्त चारवरच का फिरतो?

जुन्या गाडीचा हीटर लावावा, नॉब एक, दोन, तीन असा फिरवावा, तर वाऱ्याची झुळूकही नाही. चारवर नेल्याबरोबर मात्र पंखा घोंघावत सुटतो. या बिघाडाचं निम्मं निदान जागेवर बसूनच होतं. चारवर मोटर पळते, म्हणजे ती जिवंत आहे. गेलाय तो बहुतेक वेळा ब्लोअरचा, म्हणजे या पंख्याचा, रेझिस्टर: वाटेत रोध घालून वेग कमी करणारा भाग.

पहिल्या तीन वेगांना वीज रेझिस्टरमधल्या स्प्रिंगसारख्या तारेच्या वेटोळ्यांतून मोटरकडे जाते. एकवर सगळी वेटोळी वाटेत असतात, तीनवर एखादंच, चारवर एकही नाही. समजा, एकवर 4 अँपिअर प्रवाह आहे आणि वाटेतला रोध 2 ओहम. मग 12 पैकी 8 व्होल्ट रेझिस्टरवरच खर्ची पडतात आणि 32 वॅट उष्णता होते. लहान सोल्डरिंग आयर्नइतकी. पंख्याच्या वाट्याला येतात जेमतेम 16 वॅट! पद्धत उधळी खरी, पण स्वस्त आणि दणकट. ही उष्णता वाहून जावी म्हणून रेझिस्टर पंख्याच्याच वाऱ्यात, हवेच्या नळीत बसवलेला असतो. शिवाय त्यावर एक थर्मल फ्यूज असतो. ठरावीक तापमानाला तो कायमचा तुटतो आणि पहिले तिन्ही वेग एकदम बंद पडतात.

एकच वेग गेला असेल, तर एखादं वेटोळं तुटलंय किंवा स्विचचा संपर्क जळालाय. फक्त चार बंद असेल तर स्विच किंवा रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) तपासा. काहीच चालत नसेल तर आधी फ्यूज बॉक्समधला फ्यूज बघा, मग अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर. ते ठीक असतील तर नॉब चालू ठेवून मोटरच्या अंगावर हलकी टिचकी मारा. फिरली तर बहुधा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजलेत.

रेझिस्टर बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, दोन स्क्रूंवर बसलेला सापडतो. इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि एअरबॅग असेल तर काही मिनिटं थांबा. कनेक्टरची कडी दाबून तो सरळ ओढा, वायर धरून नव्हे. मल्टिमीटर ओहमवर ठेवून आधी त्याच्या वायरींची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. जो 0.2-0.3 आकडा दिसेल तो पुढच्या मापातून वजा करायचा, कारण इथे सगळा खेळ साधारण अर्ध्या ते तीन ओहमांचा आहे. थर्मल फ्यूजच्या दोन टोकांमध्ये मीटरने शून्याजवळचा आकडा न दाखवता वाट तुटल्याची खूण (बहुधा OL) दाखवली, तर चोर सापडला.

तिथे तारेचा तुकडा जोडून काम भागवणं धोक्याचं आहे: उद्या पंखा अडकला, तर वेटोळं प्लास्टिकच्या नळीत लालबुंद होईल. नवा थर्मल फ्यूज घालायचा तर तापमानाचा आणि अँपिअरचा आकडा तोच हवा. तो सोल्डर करू नका. आयर्नच्या उष्णतेनेच तो उडतो. क्रिंप करा, म्हणजे धातूची छोटी नळी दाबून जोडा. त्यापेक्षा आख्खा रेझिस्टर बदलणं बरं.

पण नुसता रेझिस्टर बदलून थांबलात तर काही महिन्यांत तोही जाण्याची शक्यता दाट. तो आपणहून क्वचितच मरतो. केबिन फिल्टर धुळीने चोंदला की थंड करणारा वारा घटतो. मोटरचं बुश (ज्यात तिचा दांडा फिरतो ती कडी) कोरडं पडलं की ती जड फिरते आणि जास्त प्रवाह ओढते. म्हणून मोटर काढून हाताने फिरवा. किरकिर न करता दोन-चार वेढे सहज घेतले पाहिजेत. पात्यांत कधी सुकी पानंही अडकलेली निघतात.

कनेक्टरही नीट बघा. प्लास्टिक तपकिरी झालंय, पितळेची पिन काळवंडलीय? 15 अँपिअरला 0.1 ओहमचा सैल सांधाही 22 वॅट तापतो. अशा कनेक्टरमध्ये नवा रेझिस्टर खोचण्याआधी पिन आणि तिचं प्लास्टिकचं घर दोन्ही बदला, आणि वायर करपली असेल तर तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे कापा.