कारले

कारले : (सं. कारवेल्लक, लॅ. मोमॉर्डिका चॅरँशिया, कुल – कुकर्बिटेसी). कडू, खडबडीत फळांसाठी उष्ण कटिबंधात सर्वत्र लावली जाणारी एकवर्षायू वेल. खोड बारीक व कंगोरेदार, प्रताने (आधाराला विळखा घालणारे तंतू) अशाखित, पाने हस्ताकृती व ५ ते ७ खंडांची असून पिवळी नर व मादी फुले एकाच वेलीवर येतात. पिकलेले फळ नारिंगी होऊन तीन शकलांत उकलते आणि लाल, गोडसर वेष्टनातील बिया उघड्या पडतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये वापरलेले ‘मोमॉर्डिका’ हे प्रजातिनाम ‘चावणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आले असून ते बियांच्या कुरतडल्यासारख्या कडांस उद्देशून असल्याचे मानतात.

मूलस्थानाविषयी मतभेद आहेत. संस्कृत वैद्यकीय संहितांतील शाकवर्गात कारवेल्लक येते, त्यामुळे ही वेल मूळची भारतीय, असे पूर्वी बहुधा गृहीत धरले जाई. परंतु त्या संहितांच्या संस्करणांचा काळच अनिश्चित असल्याने आणि तो शब्द लागवडीतील मोठ्या फळास लावला होता की लहान फळाच्या रानकारल्यास, हे केवळ नावावरून ठरत नसल्याने या पुराव्याची मर्यादा उघड आहे. मोमॉर्डिका प्रजातीतील सुमारे ६० जातींपैकी बहुसंख्य आफ्रिकेत आढळतात. रेणवीय (डीएनएवर आधारित) अभ्यासांत करटोलीसह आशियाई जातींची शाखा वेगळी पडते, तर कारल्याचे नाते आफ्रिकी जातींशी जुळते. म्हणून जातीचा उगम आफ्रिकेत व लागवडीखालील वाणांची घडण आशियात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्र्यंबक, इगतपुरी भागांतून पावसाळ्यात नाशिकच्या बाजारात येणारी करटोली बहुवर्षायू, कंदमुळाची असून तिच्या नर व मादी वेली वेगळ्या असतात. तिला रानटी कारले म्हणणे बरोबर नाही.

कडूपणा मोमॉर्डिसिनसारख्या ट्रायटर्पिनॉइड संयुगांमुळे येतो. रक्तशर्करा घटविण्याचा गुण प्राण्यांवरील प्रयोगांत दिसला असला, तरी मानवी चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. मधुमेहाच्या औषधांसोबत रस नियमित घेतल्यास शर्करा अतिशय खाली जाण्याचा धोका संभवतो.

लागवड उन्हाळी (जानेवारी–फेब्रुवारी) व खरीप (जून–जुलै) हंगामांत होते. वेल जमिनीवर पसरू दिल्यास फळे मातीला टेकून पिवळी पडतात व सडतात, म्हणून ताटी किंवा मंडप करतात. नाशिक जिल्ह्यात द्राक्षामुळे तार-बांबूचे काम अंगवळणी पडलेले असल्याने हे पीक तेथे परके वाटत नाही, आणि द्राक्षबाग काढल्यावर उरलेला मंडपही त्यासाठी उपयोगी पडतो. वेल तारेपर्यंत पोहोचेतो बगलफूट (पानांच्या बेचक्यांतून येणारे फुटवे) काढावी लागते. ‘डावण्या’ व ‘भुरी’ ही रोगांची नावे दोन्ही पिकांत चालतात, पण रोगकारक निराळे आहेत : द्राक्षावरील डावण्या प्लॅस्मोपॅरा विटिकोला, तर कारल्यावरील स्यूडोपेरोनोस्पोरा क्यूबेन्सिस यामुळे होतो, त्यामुळे एकाचा संसर्ग दुसऱ्यास होत नाही. फळमाशी ही मुख्य कीड असून क्यू-ल्यूर या नरांना आकर्षित करणाऱ्या गंधद्रव्याच्या सापळ्यांत तिचे नर पकडतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘हिरकणी’ व ‘फुले ग्रीन गोल्ड’ हे वाण दिले आहेत. पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांत तोडा सुरू होतो.