मॉडेल गाडी दुरुस्तीला आणण्यापूर्वी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी पडली, आरसा तुटला, वायपर निखळला, तर आमची पहिली विनंती एवढीच की घरी काही चिकटवू नका. तुटलेला भाग मोहरीएवढा असला तरी शोधा, डबीत ठेवा आणि गाडीसोबत आणा. केर काढायच्या आधी शोधलात तर बहुधा सापडतो. १:४३ च्या (म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या भागाएवढ्या) गाडीचा हरवलेला आरसा नव्याने घडवणे हे मूळ आरसा बसवण्यापेक्षा कितीतरी किचकट आणि खर्चिक काम आहे.

इन्स्टंट ग्लू सुकताना त्याची वाफ जवळच्या पारदर्शक प्लास्टिकवर बसते आणि ते पांढुरके पडते. एका आरशापायी पुढची अख्खी काच खराब होते. म्हणून काचा आणि हेडलाइट बसवताना आम्ही पाण्याने पुसता येणारा पांढरा गोंद वापरतो आणि धातूच्या सांध्यांना दोन भाग मिसळायचे इपॉक्सी. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर गाडीला अजिबात लावू नका. त्यांतल्या ॲसिटोनने पॉलिस्टायरीन आणि एबीएस ही मॉडेलमधली दोन्ही प्लास्टिके विरघळतात. स्पिरिटने छापलेले लोगो आणि पट्टे पुसले जाऊ शकतात.

रोजच्या देखभालीत धूळ हाच मोठा प्रश्न. रस्त्याकडेच्या घरात, शेजारी बांधकाम चालू असेल तर विचारूच नका. कोरड्या फडक्याने पुसल्यास बारीक वाळू रंगावर घासली जाते आणि चरे पडतात. आधी हवेचा रबरी फुगा, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित ओला केलेला इअरबड. खरा उपाय म्हणजे काचेचे दार नीट बसणारे कपाट. ते उन्हाच्या खिडकीसमोर नको आणि ओल येणाऱ्या भिंतीलाही नको.

जागेचा अंदाज आधी घ्या. साधारण ४.३ मीटर लांबीची ॲम्बॅसेडर १:१८ मध्ये २४ सेंटीमीटर भरते, १:४३ मध्ये १० आणि १:६४ मध्ये पावणेसात. फ्लॅटमधल्या एका कपाटात संग्रह वाढवायचा असेल तर आम्ही १:४३ सुचवतो. तपशीलही दिसतो आणि जागाही पुरते.

टायरकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मऊ पीव्हीसीच्या टायरमधले प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारे रसायन, हळूहळू बाहेर येते आणि खालच्या प्लास्टिकला खड्डे पाडते. कधी टायर तिथेच चिकटून बसतो. गाडी वर्षानुवर्षे एका जागी राहणार असेल तर ती काचेवर ठेवा किंवा चासीखाली टेकू देऊन चाके किंचित अधांतरी ठेवा.

जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून बदला. मूळ खोका जपाच, पण गाडी त्यात कायमची बंद करून ठेवू नका. दमट हवेत फोम रंगाला टेकून राहिला तर रंगावर फोड येतात. फोम आणि गाडीमध्ये आम्लरहित टिश्यू कागद घाला.

काही गाड्या आम्ही दुरुस्त करू शकत नाही आणि ते स्पष्ट सांगतो. डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या, गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. ओतताना त्यात शिसे मिसळले गेले असेल तर धातू आतून भेगाळतो, फुगतो आणि शेवटी भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी या ब्रिटिश कंपनीच्या गाड्यांत हे बरेच आढळते. त्यावर इलाज नाही. कोरड्या, फार तापमान न बदलणाऱ्या जागेत ठेवून वेग मंदावता येतो, इतकेच. शेजारच्या गाडीला मात्र त्याची लागण होत नाही, त्यामुळे घाबरून बाकीचा संग्रह हलवू नका.

बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एखादी रंग उडालेली जुनी गाडी मिळाली, तर रंग खरवडण्याआधी आम्हाला दाखवा. डिंकीचे काही साचे पुढे कोलकात्यात आले आणि त्यांतून निकी टॉइजच्या गाड्या निघाल्या. अशा गाडीचा झिजलेला मूळ रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा आहे, असे आमचे ठाम मत आहे. ग्राहकाने लेखी सांगितल्याशिवाय आम्ही कुठलीही गाडी पुन्हा रंगवत नाही.

आणताना गाडी टिश्यूत गुंडाळून ताठ खोक्यात ठेवा. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत ठेवून इतर कामे करत फिरू नका, उष्णतेने पातळ प्लास्टिकचे भाग वाकतात. गाडी उघडण्याआधी आम्ही तिचे फोटो काढतो, खर्चाचा अंदाज देतो आणि तुमचा होकार आल्यावरच स्क्रूला हात लावतो. बदललेले जुने भाग वेगळ्या पाकिटात परत मिळतील. ते टाकू नका. गाडी कधी विकायची झाली तर जाणकार गिऱ्हाईक आधी तेच मागते.