राईनपाडा, कलम ७९ आणि पोस्ट काढण्याचा अधिकार : पार्श्वभूमी

लोकांच्या पोस्ट आणि मेसेजवर समाजमाध्यम कंपन्यांनी स्वतःच बंधनं घालावीत का, हा वाद आहे. खान्देशापुरतं बोलायचं तर त्याची सुरुवात मी राईनपाड्यापासूनच धरतो. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज धुळे-नंदुरबारकडे आधीपासूनच फिरत होते. साक्री तालुक्यातल्या या गावात मंगळवेढ्याकडून आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्याच महिन्यात मेसेजिंग कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, असं ठरवलं. सरकारने कंपनीला कानपिचक्या दिल्या होत्या, पण मर्यादा घालायला ना कायदा लागला ना न्यायालय.

कंपनीचा हा अधिकार समजून घ्यायचा तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाकडे जावं लागतं. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं म्हणून २४ मार्चला पेढे वाटले गेले, ते योग्यच होतं. पण त्याच निकालाने, लोकांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून कंपनीला सूट देणाऱ्या त्याच कायद्याच्या कलम ७९ चाही अर्थ लावला. या कलमाखालच्या २०११ च्या नियमांत कुणीही तक्रार केली की कंपनीने ३६ तासांत हालचाल करायची होती. न्यायालय म्हणालं, तसं नाही. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना आली तरच मजकूर काढणं कंपनीवर बंधनकारक. लाखो तक्रारींत खरी कुठली हे कंपनीने का ठरवावं, हा तर्क बिनतोड होता. मात्र हे सगळं कंपनीने मजकूर *कधी काढलाच पाहिजे* यापुरतं. स्वतःच्या अटींवर बोट ठेवून तिने काढला तर काय, हा प्रश्न तिथे नव्हता आणि तोच आज सामान्य माणसाच्या मानेवर बसलाय. राज्यघटनेतलं अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं कलम १९ मुळात सरकारविरुद्धचं. जानेवारी २०२३ मध्ये घटनापीठाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने ते खासगी व्यक्तींविरुद्धही लागू होऊ शकतं असं म्हटलं, पण त्याने खातं परत मिळवायची वाट काही सोपी झालेली नाही.

मधल्या काळात या कंपन्यांसाठी सरकारचे २०२१ चे नियम आले : तक्रार अधिकारी, २४ तासांत पोच, १५ दिवसांत निकाल. मोठ्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढला तर कारण कळवणंही आलं. २०२२ च्या दुरुस्तीने सरकारनियुक्त अपील समित्या आणल्या. म्हणजे कंपनीवरची दाद सरकारकडे. हे मला तरी पटलेलं नाही.

आपल्याकडच्या अहिराणी विनोदी व्हिडिओंत दाजी-शालकाची शिवीगाळ ही चेष्टाच असते, पण असा मजकूर काढायचा की नाही हे कंपनीच्या अटींवर ठरतं. २०२२ च्याच दुरुस्तीने कंपनीच्या अटी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीतल्या, भाषेत देणं बंधनकारक केलं. मराठी त्या अनुसूचीत आहे, अहिराणी नाही.