नाताळचं गाणं वस्तूवर कसं चढलं : सुरेल भेटींची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत भेटवस्तू करून देणाऱ्यांकडे तीच मागणी येते : नाव टाका, फोटो टाका आणि 'एखादं कॅरल टाका'. नाव-फोटोचं काम तासाभराचं. घोडं अडतं ते कॅरलपाशी, म्हणजे नाताळच्या गाण्यापाशी, आणि का अडतं हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

फार मागं नको. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नताल'वरून आला, अर्थ जन्म. 1739 ला वसई आणि 1740 ला चौल-कोर्लई पोर्तुगीजांच्या हातून गेली, शब्द मात्र राहिला. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत आणणारं 'ख्रिस्तपुराण' त्याआधीच, 1616 मध्ये, गोव्यातल्या राशोलला छापून झालं होतं. भेट म्हणाल तर ती ताटातून जायची : घरी केलेलं गोडधोड, वर रुमाल, आणि शेजारच्या दारात. गाणं वाड्याचं, ताटही वाड्यात फिरणारं. एकाच माणसासाठी निवडलेलं गाणं ही कल्पना यंत्राच्या पाठीवर बसून आली, आणि कुठलं गाणं बसणार हेही यंत्रानंच ठरवलं.

ते यंत्र म्हणजे यूएम 66, सूर वाजवणारा इलेक्ट्रॉनिक तुकडा. दिसायला सर्किटमधल्या ट्रान्झिस्टरसारखा, पाय तीन, आत 64 स्वरांची स्मृती. उघडल्यावर वाजणारी शुभेच्छापत्रं, गाणाऱ्या रोषणाईच्या माळा, दारावरच्या घंटा अशा वस्तूंत हाच किंवा याच्या जातीचा तुकडा असायचा. शेवटच्या आकड्यावरून गाणं ओळखायचं. 01 मध्ये 'जिंगल बेल्स', सांताक्लॉज गावात येतोय ते गाणं आणि 'वुई विश यू' अशी तीन गाणी एकापाठोपाठ. 02 मध्ये नुसतं 'जिंगल बेल्स'. 19 मध्ये बेथोव्हेनची ती धून, जी आपल्याकडे रिव्हर्स येणाऱ्या गाड्यांनी घरोघर पोचवली. सूर कारखान्यातच कोरलेले, नंतर बदल नाही. यादीत मराठी गाणं असण्याचा प्रश्नच नव्हता. तुकडा 1.5 ते 4.5 व्होल्टवर चालतो, त्यामुळे दोन पेन्सिल सेलवर तो वर्षानुवर्षं गातो आणि मोबाईलच्या 5 व्होल्टच्या चार्जरला सरळ जोडला की बहुधा मुका होतो. पत्रातला दुसरा दोष किनाऱ्यावरचा खास : घडीतली पितळी जीभ खाऱ्या हवेत काळी पडते, मग पत्र उघडलं तरी संपर्क होत नाही. खोडरबरानं जीभ घासली की बहुतेक पत्रं पुन्हा गाऊ लागतात.

आता 'कॅरल'. मध्ययुगीन युरोपात कॅरल म्हणजे फेर धरून नाचताना म्हणायचं, दर कडव्यानंतर ध्रुपदावर येणारं गाणं. ते नाताळपुरतं बांधलेलं नव्हतं, ईस्टरचीही कॅरल असत. नाताळाशी त्याची गाठ पक्की होत गेली ती पुढे. आपल्याकडे शब्द इंग्रजीबरोबर आला आणि आल्या आल्या पसरला. आज किनाऱ्यावर त्याचे निदान तीन अर्थ चालतात. चर्चमध्ये गायचं जन्मगीत हा एक. 'आज आमच्याकडे कॅरल आहे' म्हणताना गिटार-ढोलकी घेऊन घरोघर फिरणारा सगळा कार्यक्रम, हा दुसरा. आणि त्या महिन्यात दुकानात वाजणारं कुठलंही गाणं, हा तिसरा.

गंमत अशी की 'जिंगल बेल्स' 1857 मध्ये बोस्टनला छापलं गेलं ते बर्फावरच्या एका घोड्याच्या घसरगाडीचं गाणं म्हणून. त्यात बाळ नाही, गव्हाण नाही, तारा नाही. ख्रिसमस हा शब्दसुद्धा नाही. 'सायलेंट नाइट' 24 डिसेंबर 1818 ला ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फच्या चर्चमध्ये गिटारच्या साथीवर पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा ते चर्चचंच. भाविक माणूस म्हणेल, दुसरं तेवढं कॅरल. पण शब्दाच्या जुन्या अर्थानं बघितलं तर निकाल उलटा लागतो : ध्रुपद आणि टाळीचा ठेका घोडागाडीकडे आहे, 'सायलेंट नाइट' हे बिनध्रुपदाचं अंगाईगीत आहे. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. वाद घालायचाच तर तो चर्चच्या पायरीवर घालावा, वेदीसमोर घोडागाडीला काम नाही.

त्यात 4 डिसेंबर 1963 ला रोममधल्या कॅथलिक महासभेनं उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली, नवी मराठी गाणी आली, त्यांना लोक 'नाताळगीत', 'जन्मगीत' म्हणू लागले. 'कॅरल' हे नाव बऱ्याच घरांत रेकॉर्डवरच्या इंग्रजी गाण्यांकडेच राहिलं : जिम रीव्हजचा 1963 चा तो संथ, खर्जातल्या आवाजाचा अल्बम, नंतर बोनी एमचा 1981 चा डिस्को तालातला. म्हणजे वर्गवारी अर्थावरून न होता भाषेवरून झाली, आणि भेटवस्तूच्या यादीतून मराठी गाणं आणखी एकदा गळालं. ऑर्डर घेताना 'कुठलं कॅरल?' विचारून उपयोग नाही. 'कुठे ऐकलेलं? चर्चमध्ये, दारात की कॅसेटवर?' असं विचारलं की नेमकं गाणं सापडतं.

भेट घेणाऱ्याला खरी निवड पहिल्यांदा मिळाली ती हातानं फिरवायच्या, कागदी पट्टीच्या म्युझिक बॉक्समध्ये : पट्टीवर सुरांची भोकं पाडायची, पट्टी पेटीतून फिरवली की आतली पोलादी फणी वाजते. फणीवर वाजणारी पेटी मुळात 1796 ची, जिनिव्हाच्या घड्याळजीची कल्पना; पण नळकांड्यावर खिळे ठोकलेली 18 स्वरांची पेटी कारखान्याचंच गाणं वाजवते. पट्टीवाल्या साध्या पेटीत 15 स्वर असतात : हार्मोनियमवरच्या पांढरी एकच्या षड्जापासून दोन सप्तकं, सगळे शुद्ध. 'सायलेंट नाइट' यात अलगद बसतं. प ध प ग नं सुरू होतं, वर तार मध्यमापर्यंत जातं आणि खाली सा वर उतरतं, कोमल-तीव्र एकही नाही. तीन मात्रांची 24 आवर्तनं, मात्रेला 8 मि.मी. धरले तर पट्टी 576 मि.मी.; पुढे 5 सें.मी. कोरी शेपटी ठेवावी, नाहीतर पेटी कागद पकडत नाही.

'जिंगल बेल्स' याच मापानं पाडलं की फसतं. भोकाची कड फणीखालच्या छोट्या चाकाचा दाता ओढते, आणि पुढचा दाता वर यायला सुमारे 8 मि.मी. कागद सरकावा लागतो. तोच स्वर त्याआधी आला तर भोक नुसतंच निघून जातं. या गाण्यात गांधार अर्ध्या मात्रेनं लागोपाठ येतो, म्हणजे 4 मि.मी. वर, आणि नेमका दुसरा गिळला जातो. उपाय एकच : मात्रा 16 मि.मी. धरा. ध्रुपदाची 16 आवर्तनं चार-चार मात्रांची, म्हणजे पट्टी 1024 मि.मी.

कुणी भैरवीतली चाल मागितली तर नाही म्हणू नये. षड्ज पांढरी तीनवर न्यावा. रे, ग, ध, नि आपोआप कोमल लागतात. मात्र चालीत मध्येच शुद्ध रिषभ डोकावत असेल तर तो स्वर गाळावा लागेल. पट्टी पावसाळ्यात पाडू नये, कागद रुंदीला फुगतो आणि खाचेत अडतो. पोलादी फणीला वर्षातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचं बोट पुरे. थेंब सोडला तर आवाज बसतो.

आवाज भरायच्या छोट्या तुकड्यांनी मध्ये काही वर्षं धमाल केली. आयएसडी 1820 या तुकड्यात 8 ते 20 सेकंद मावतात, पण 20 ला ताणलं की आवाजाचे नमुने सेकंदाला 3,200 वर येतात आणि आजोबांचा आवाज घागरीतून आल्यासारखा होतो. 10 सेकंदांवर थांबावं. एक ओळ आणि नाव एवढ्यात बसतं.

सध्या चलती आहे ती 3 मि.मी. अ‍ॅक्रिलिकच्या पाटीची : फोटो, खाली गाण्याचं नाव, त्याखाली 23 उभ्या रेघांचा कोड. एका स्ट्रीमिंग सेवेनं हे कोड 2017 मध्ये आणले, सेवा भारतात 2019 ला आली. पारदर्शक पाटीवर पांढऱ्या रेघा छापल्या की मागची भिंत फिकी असताना फोनला त्या दिसतच नाहीत. कोडामागे काळी पट्टी हवीच. दुसरी खोच अशी की एकच गाणं चार अल्बमांत वेगवेगळ्या ओळखीनं असतं, त्यातला एक अल्बम काढला की पाटी मुकी. म्हणून गाण्याऐवजी स्वतःच्या प्लेलिस्टचा कोड छापावा, आतलं गाणं केव्हाही बदलता येतं. विकायच्या वस्तूत ध्वनिमुद्रणच भरायचं असेल तर शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे धरावेत. 1818 ची चाल सर्वांची, कालच्या गायकानं गायलेली तीच चाल त्याच्या कंपनीची. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो.

गावच्या चर्चमधलं मराठी गाणं या सेवांवर बरेचदा सापडतच नाही. तिथे स्वतः गाऊन भरलेली फाइल आणि साधा क्यूआर कोड हाच रस्ता. लाकडावर कोरायचा कोड बनवताना चूकदुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडावी, 30 टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी वाचला जातो. आणि कोरण्याआधी तो दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवर उघडून बघावा. फाइल 'फक्त मालकासाठी' राहिली असेल तर आपल्या फोनवर ती बिनबोभाट वाजते आणि नाताळच्या सकाळी आत्याच्या फोनवर परवानगी मागत बसते.