चासी वाढवा, पण तिला पिळू द्या

सोलापुरात उसाचा हंगाम सुरू झाला की एक गोष्ट मुद्दाम बघावी. भरलेला ट्रक शेताच्या बांधावरून डांबरी रस्त्यावर चढतो, तेव्हा केबिन एकीकडे कलते आणि मागचा हौदा दुसरीकडे. मधली चासी, म्हणजे ट्रकचा खालचा पोलादी सांगाडा, पिळली जात असते. नवख्याला वाटतं, आता तुटणार. पण दोन लांब 'सी' आकाराची चॅनेल आणि त्यांना जोडणारे क्रॉस मेंबर, ही आडवी ठेवलेली शिडीच असते. उघड्या तोंडाचं चॅनेल सहज वाकत नाही, पिळलं मात्र सहज जातं.

अशा ट्रकवर फिरतं घर बांधायचं, म्हणून चासी कापून वाढवायची ठरली की सगळ्यांचं लक्ष वेल्डिंगवर. खरा हिशोब आधीच सुरू झालेला असतो. दोन ॲक्सलमधलं अंतर ४ मीटरचं ५ केलं, तर लांबी सव्वापट; पण वजन तेवढंच धरलं तरी मधला झोल जवळपास दुप्पट होतो. तो लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो ना!

भार पडला की चॅनेलची वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते. उभ्या भागाच्या मध्यावर ताण जवळजवळ नसतोच. म्हणून भोक पाडायचं ते उभ्या भागात. पट्टीत पाडलं तर भेग तिथूनच निघते. काप तिरका घेतात, म्हणजे सगळा जोड एकाच आडव्या छेदात येत नाही. जोडाला बळ द्यायला आतून बसवलेल्या जादा चॅनेलची टोकंही निमुळती हवीत. चौकोनी तोडली, तर कडकपणा जिथे एकदम संपतो तिथेच चासी चिरते. काही चासींचं पोलाद तापवून, झटकन थंड करून बळकट केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने शिवणीलगतचा पट्टा पुन्हा मऊ पडतो. जोड पक्का, शेजार कच्चा.

प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरकी मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, नुसता लांब करून चालत नाही. सव्वापट लांब केला तर ज्या वेगाला तो थरथरून धोक्यात येतो, तो वेग एक तृतीयांशाहून जास्त घसरतो. म्हणून त्याचे दोन तुकडे आणि मधे सेंटर बेअरिंग. वळायलाही सव्वापट जागा लागते. आणि पासिंगचं म्हणाल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं, गाडीत बदल करण्याबाबतचं कलम ५२ आधी वाचा, कटर नंतर हातात घ्या.

आता घर. भिंती, छप्पर, खिडक्या असलेली पेटी म्हणजे आपली कडक भाकरी: वाकायचं नाव नाही, मोडेल. ती लवचिक शिडीवर जागोजागी बोल्टने आवळली, की पहिल्याच खड्ड्यात एक तर खिडकीची चौकट तडकते, नाहीतर चासी. तोडगा चुलीजवळ सापडतो. तीन दगडांवरचं भांडं जमीन कितीही उंचसखल असली तरी डुगडुगत नाही. घरही तसंच टेकवतात: मागे दोन टेकू, पुढे मधोमध एकच, तोही फिरणाऱ्या खिळीवर. खाली चासी हवी तेवढी पिळते, वरच्या कपाटातली बरणी जागेवर राहते.